खापर उकाड्यावर, घात पाण्याचा

बदलापूरच्या उकाड्यात चॉकलेट घरी होत नाही, हे विधान उल्हासनगरपासून कुळगावपर्यंत इतक्या खात्रीने केले जाते की ते तपासून पाहावे असे कुणाला वाटत नाही. त्याच्या पाठोपाठ ठरलेला सल्ला येतो. घाऊक दुकानातून कंपाउंडची, म्हणजे कोको बटरऐवजी दुसरी चरबी वापरलेल्या चॉकलेटसारख्या पदार्थाची, लादी आणा, मायक्रोवेव्हमध्ये वितळवा, काडीला टोचलेली स्ट्रॉबेरी तीत बुडवा आणि लगेच फ्रिजमध्ये ठेवा. एका दिवसाच्या वर्गांत हेच शिकवले जाते, वाढदिवसाच्या टेबलावर हेच मांडले जाते आणि घरगुती व्यवसाय म्हणून हेच विकलेही जाते. कंपाउंड, ताजे फळ आणि फ्रिज ही या सल्ल्याची तिन्ही अंगे एकाच निदानावर उभी आहेत: दोष हवेच्या तापमानाचा आहे. हे निदान अपुरे आहे आणि त्यावरचा उपाय मूळ दुखणे वाढवणारा आहे, असे माझे म्हणणे आहे. फळावर चढवलेल्या चॉकलेटचा खरा घात पाणी करते. आधी फळातले पाणी, मग हवेतले पाणी आणि शेवटी फ्रिजमधून बाहेर काढल्यावर धरणारे पाणी. हे एकदा मान्य केले की उल्हास नदीच्या खोऱ्यातल्या उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांची हवा अडसर वाटेनाशी होते. इथला मे महिना आणि इथला डिसेंबर महिना मिळून या पदार्थाला लागणारे सगळे काही देतात. फक्त दोन्ही गोष्टी एकाच दिवशी मागू नयेत.

प्रचलित समजात जे खरे आहे ते आधी मान्य केले पाहिजे. खऱ्या चॉकलेटचा कणा म्हणजे कोको बटर. ही चरबी गोठताना सहा वेगवेगळ्या प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकते. त्यांपैकी पाचव्या प्रकारचे स्फटिक सुमारे ३४ अंश सेल्सिअसला वितळतात, आणि आपल्याला हवे असतात ते हेच. त्यांच्यामुळे चॉकलेटला चकाकी येते, तोडताना ते कट्कन तुटते आणि तोंडात गेल्यावर मात्र अंगाच्या उबेने विरघळते. हे स्फटिक आपोआप जमत नाहीत, त्यासाठी टेंपरिंग करावे लागते. डार्क चॉकलेट ४५ ते ५० अंशांपर्यंत पूर्ण वितळवायचे, हलवत हलवत २७-२८ अंशांवर आणायचे आणि पुन्हा ३१-३२ अंशांपर्यंत चढवायचे. दुधाच्या चॉकलेटसाठी हे आकडे दोन-एक अंशांनी खाली येतात. यानंतर बुडवलेला तुकडा १८ ते २२ अंशांच्या खोलीत ठेवला तर काही मिनिटांत घट्ट होतो. आता एप्रिलचा विचार करा. बदलापूर समुद्रापासून आत असल्याने खारा वारा इथे उशिरा आणि तापूनच पोहोचतो. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. ज्या स्वयंपाकघराचेच तापमान ३५ अंश आहे तिथे चॉकलेट २७ अंशांवर येणार कसे? येत नाही. त्या दिवशी, त्या वेळी, त्या खोलीत चॉकलेट होत नाही हे शंभर टक्के खरे आहे.

पण त्या दिवशी होत नाही यावरून इथे होतच नाही असा निष्कर्ष काढणे चूक आहे. समुद्रापासूनचे जे अंतर उन्हाळा तापवते तेच अंतर हिवाळ्यातल्या रात्री थंड करते. डिसेंबर-जानेवारीत बदलापूर-अंबरनाथ पट्ट्यात पहाटेचा पारा १५ अंशांच्या खाली जातो, आणि कित्येक सकाळी पंखा न लावताही स्वयंपाकघर २०-२२ अंशांच्या आसपास असते. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या घराला हे सुख इतके मिळत नाही. बेल्जियमच्या कारागिराला जी खोली लागते ती इथल्या घराला नोव्हेंबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंत फुकट मिळते. साधनेही मोठी लागत नाहीत. दोनतृतीयांश चॉकलेट वितळवायचे, उरलेले एकतृतीयांश बारीक चिरून त्यात थोडे थोडे घालत हलवत राहायचे. चिरलेल्या चॉकलेटमधले तयार स्फटिक वितळलेल्या भागाला योग्य वळण देतात आणि टेंपरिंग साधते. यासाठी संगमरवरी ओटा नको, यंत्र नको. काही शे रुपयांचा थर्मामीटर पुरतो. सुरीचे टोक बुडवून बाजूला ठेवावे. पाचेक मिनिटांत त्यावर चकचकीत, कोरडा थर जमला तर चॉकलेट तयार आहे. उष्णतेची अडचण अशी महिना आणि वेळ निवडून सुटते. पाण्याची अडचण मात्र कोणत्याही महिन्यात सुटत नाही, कारण ती फळाच्या आत बसलेली असते.

चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसतेच. शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमदेखील नसते. साखरेचे आणि कोकोचे अतिसूक्ष्म कण चरबीत तरंगत असतात, म्हणून वितळलेले चॉकलेट वाहते. त्यात चमचाभर पाणी पडले की साखरेचे कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि पाहता पाहता सगळ्या भांड्याचा रवाळ, घट्ट गोळा होतो. डबल बॉयलरच्या वाफेचे काही थेंब किंवा नीट न पुसलेला कालथा एवढ्यानेही हे घडते. गोळा झाला की बहुतेक जण आच जास्त झाली असे समजतात, आणि पुढच्या खेपेला अधिक सोशीक म्हणून कंपाउंड आणतात. आता या कोरड्या पदार्थाच्या शेजारी आपण काय ठेवतो ते पाहू. स्ट्रॉबेरीत ९० टक्क्यांहून अधिक पाणी असते, आंब्यात ८० टक्क्यांहून अधिक, पिकल्या केळ्यात सुमारे ७५ टक्के. फळ धुताना देठाशी राहिलेले पाणी पहिल्याच बुडवणीत भांड्यात उतरते. ते पुसून घेतले तरी कापलेल्या किंवा टोचलेल्या जागेतून रस झिरपत राहतो. थर आणि साल यांच्यामध्ये ओलाव्याचा पापुद्रा तयार होतो, थर सुटतो, तळाशी गुलाबी पाणी साचते. पहिल्या तासात छायाचित्रासारखी दिसणारी स्ट्रॉबेरी दुसऱ्या दिवशी घामेजलेली दिसते ती यामुळे. खोली १५ अंशांची असली तरी हे टळत नाही. फक्त थोडे लांबते.

यावर फ्रिज हा उपाय सांगणारे एक साधे भौतिकशास्त्र विसरतात. हवेचे तापमान ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर तिचा दवबिंदू सुमारे २६ अंश असतो. म्हणजे २६ अंशांहून थंड असलेल्या कोणत्याही वस्तूवर त्या हवेतले पाणी थेंबांच्या रूपाने जमणारच. जून ते ऑक्टोबर इथली हवा साधारण अशीच असते. फ्रिजमधून पाच अंशांचे चॉकलेट बाहेर काढले की मिनिटभरात त्यावर दव धरते. त्या पाण्यात पृष्ठभागावरची साखर विरघळते, पाणी उडून जाते आणि मागे पांढरट, खरखरीत थर उरतो. त्याला बुरशी समजून लोक तो तुकडा फेकतात, किंवा चॉकलेटच वाईट होते असे म्हणतात. पांढरेपणा दोन प्रकारचा असतो. टेंपरिंग बिघडल्याने किंवा उष्णतेने चरबी वर येऊन जो येतो तो बोटाच्या उबेने पुसला जातो. दवाने वर आलेल्या साखरेचा तसाच खरखरीत राहतो. एवढी एक चाचणी शिकवली तरी दोष कुठे आहे ते घरच्या घरी कळेल. फ्रिजच वर्ज्य आहे असे नाही. थर चढवल्यावर दहा-पंधरा मिनिटे ठेवून काढून घेणे, किंवा हवाबंद डब्यात ठेवून डबा न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ देणे, हे चालते. पण साठवणीची जागा म्हणून उघड्या ताटलीसह फ्रिज दाखवणे आणि तिथून थेट पाहुण्यांसमोर मांडायला सांगणे, हा पाणी टाळण्याऐवजी पाणी बोलावण्याचा सल्ला आहे.

हे केवळ दिसण्याचे आणि चवीचे प्रकरण असते तर इतक्या आग्रहाने लिहायचे कारण नव्हते. २०१४च्या हिवाळ्यात अमेरिकेत कॅरमेलचा थर दिलेल्या, काडीला टोचलेल्या सफरचंदांतून लिस्टेरिया या जिवाणूचा संसर्ग पसरला. १२ राज्यांत ३५ जण बाधित झाले, त्यांतल्या जवळजवळ सर्वांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले आणि ७ जणांचा मृत्यू झाला. त्यांपैकी किमान तिघांच्या मृत्यूला हा संसर्ग कारणीभूत ठरल्याचे नोंदले गेले. या घटनेने अन्नशास्त्रज्ञ चक्रावले, कारण सफरचंद आंबट असते आणि कॅरमेलमध्ये मोकळे पाणी फार थोडे असते. दोन्ही ठिकाणी लिस्टेरियाला वाढायला वाव नाही असेच मानले जात होते. पुढे विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधनाने उलगडा केला. काडी टोचल्यावर रस वर येतो आणि फळ व थर यांच्यामध्ये एक पातळ, ओलसर फट तयार होते. त्या फटीची परिस्थिती ना फळाची असते ना कॅरमेलची. काडी टोचलेल्या आणि खोलीच्या तापमानाला ठेवलेल्या सफरचंदांवर जिवाणू तीन दिवसांत हजारपट वाढले. काडी नसलेल्यांवर वाढ मंद होती, आणि फ्रिजमध्ये ती आठवडाभर जवळजवळ थांबली होती. चॉकलेट लावलेल्या स्ट्रॉबेरीनेही असेच होते असा दावा मी करत नाही. थर वेगळा, फळ वेगळे. पण टोचलेले ओले फळ, त्यावर हवाबंद थर आणि मध्ये रसाची फट, ही रचना तीच आहे. आणि आपल्याकडे खोलीचे तापमान म्हणजे बहुतेक वर्षभर २५ अंशांच्या वरच. असा पदार्थ आदल्या दिवशी करून, डब्यात भरून, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याच्या लेकरांना विकताना निदान हे माहीत असले पाहिजे. ओल्या फळाला चॉकलेट लावल्याने ते टिकत नाही. उलट ते केव्हा बिघडले हे झाकले जाते.

आता कंपाउंडविषयी. इथे माझा वाद दोन्ही बाजूंशी आहे. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी पाम कर्नलसारख्या तेलाची घट्ट केलेली चरबी असते. तिला टेंपरिंग लागत नाही, ती जरा जास्त तापमानाला वितळते आणि म्हणून उन्हाळ्यात तग धरते. तिला सरसकट विष म्हणणाऱ्यांनी जुनी माहिती टाकून द्यावी. १ जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यतेले, चरबी आणि त्यांपासून बनलेले पदार्थ यांतल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. संपृक्त चरबीचा प्रश्न उरतो, पण तो कोको बटरलाही काही प्रमाणात लागू आहे. दुसरीकडे, दोन्ही एकच असे सांगणाऱ्यांनी कायदा पाहावा. आपल्या अन्नसुरक्षा नियमांनुसार चॉकलेट म्हणवणाऱ्या पदार्थात कोको बटरशिवाय अन्य वनस्पतिजन्य चरबी ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. कंपाउंड ही वेगळी वस्तू आहे. ती त्याच नावाने विकली तर त्यात काही गैर नाही, चॉकलेट म्हणून विकली तर ती ग्राहकाची फसवणूक आहे. मात्र माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ते निराळेच आहे. कंपाउंड उष्णतेची अडचण सोडवते, पाण्याची नाही. कंपाउंडमध्ये बुडवलेली स्ट्रॉबेरीही रस सोडते, तिच्यावरही दव धरते आणि तिच्या थराखालीही तीच फट असते. म्हणजे चव गमावून जे विकत घेतले ते मूळ दुखण्यावरचे औषध नव्हतेच.

मूळ दुखण्यावरचे औषध या भागात फार पूर्वीपासून आहे आणि ते म्हणजे वाळवण. वसईची सुकेळी घ्या. राजेळी केळी सोलून, उन्हात वाळवून, मधाच्या रंगाची आणि चिवट गोड झाल्यावर केळीच्याच सुक्या पानांत बांधतात. कोकणातली आंबापोळी आणि फणसपोळी घ्या. आटवलेला गर तूप लावलेल्या ताटात पसरून, थरावर थर देऊन वाळवलेला. पाकात मुरवून सुकवलेला आवळा घ्या. वाळलेल्या फळात पाणी साधारण पाचव्या हिश्श्यावर येते, आणि उरलेले पाणीही साखरेने इतके धरून ठेवलेले असते की रोगकारक जिवाणूंना ते वापरता येत नाही. थर सुटत नाही, रस झिरपत नाही, फट होत नाही. चॉकलेटसारख्या कोरड्या पदार्थाचा जोडीदार कोरडाच हवा, ही अट सुकेळीचा तुकडा निमूट पुरी करतो. शिवाय हे ज्ञान एका समाजाचे नाही. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित आले; ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही तिचे भाग कॅम्प क्रमांकांनीच ओळखले जातात. त्या घरांतून पापड आणि वाळवणे बाजारात गेली आणि घरच्या ओट्यावरचे काम उपजीविका बनले. कुळगावच्या अंगणातली आणि कॅम्पातल्या गच्चीवरची बाई, दोघींनाही ऊन कसे वापरावे हे शिकवावे लागत नाही.

इथेच मे आणि डिसेंबर यांचा हिशेब जुळतो. या भागात फळांचा मोठा हंगाम उन्हाळा आहे आणि चॉकलेटचा हंगाम हिवाळा. ताज्या फळाचा हट्ट धरला तर या दोघांची भेट होत नाही. मग बाहेरगावचे फळ आणि कृत्रिम थंडी आणावी लागते. फळ वाळवले की मधले सहा महिने पार करता येतात. बदलापूरच्या जांभळाचे उदाहरण सर्वांत बोलके आहे. या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मेअखेर ते जून हा त्याचा काळ. आसपासच्या पाड्यांवरच्या आदिवासी बाया टोपल्या घेऊन स्टेशनच्या रस्त्यावर बसतात आणि पावसाचे दोन जोराचे दणके बसले की हंगाम आवरतो. इतके नाजूक फळ ताजे असताना चॉकलेटमध्ये बुडवणे सर्वस्वी चुकीचे. पण बिया काढून, गर साखरेसह आटवून, ताटात पसरून त्याची पोळी केली तर ती जूनमध्ये डब्यात जाते आणि डिसेंबरात बाहेर निघते. ऊन दगा देईल तेव्हा साठ अंशांवरचा ओव्हन किंवा डिहायड्रेटर ते काम करतो. जांभळाचा तुरटपणा दुधाच्या चॉकलेटच्या गोडीला जो तोल देतो तो स्ट्रॉबेरीला देता येत नाही. जे शहर २०११च्या जनगणनेतच पावणेदोन लाखांच्या जवळ पोहोचले आणि त्यानंतर इमारतींनी भरत गेले, तिथे जांभळाचे झाड उभे ठेवायला मानांकनाचा कागद पुरणार नाही. फळाला सहा महिने टिकणारे गिऱ्हाईक मिळाले तर झाडाला किंमत येईल.

हे सारे नवे किंवा गावठी वाटत असेल त्यांनी युरोपाकडेही पाहावे. फ्रान्समधला चॉकलेटकार संत्र्याच्या सालीच्या पट्ट्या पुन्हा पुन्हा उकळून कडूपणा काढतो, पाकात मुरवतो, कोरड्या करतो आणि मगच डार्क चॉकलेटमध्ये बुडवतो. पाकवलेले आले, सुके अंजीर, जर्दाळू यांच्या बाबतीतही क्रम हाच: आधी पाणी काढा, मग चॉकलेट चढवा. ज्या देशांत हवा थंड आहे तिथल्या कारागिरांनीही हा क्रम पाळला, यातच पाणी हा उष्णतेहून मोठा शत्रू असल्याचा पुरावा आहे. नागपुरी संत्री नेमकी थंडीतच बाजारात येतात. त्यांच्या साली आपण रोज कचऱ्यात टाकतो. कृतीतही गूढ काही नाही. फळाचे तुकडे खोलीच्या तापमानाचे आणि हाताला कोरडे लागणारे असावेत, कारण थंडगार तुकडा चॉकलेटला अवेळी गोठवतो. वरचे भांडे खालच्या पातेल्यापेक्षा रुंद असावे, म्हणजे वाफ आत शिरत नाही. खालचे पाणी उकळू नये, नुसते गरम असावे. तुकडा काट्याने बुडवावा, निथळू द्यावा, तळ भांड्याच्या काठावर पुसून बटर पेपरवर ठेवावा. घट्ट झाल्यावर हवाबंद डब्यात, घरातल्या थंड आणि अंधाऱ्या कपाटात. बस.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आणि सर्वांत प्रामाणिक आक्षेप चवीचा आहे. बाहेर कडक थर आणि आत रसाचा फवारा, यातच स्ट्रॉबेरीची मौज आहे. सुकेळीत ती कुठून येणार? येणार नाही, हे मान्य. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी थंडीतच पिकते, म्हणून त्या काळात ती धुऊन, पूर्ण वाळवून, काडी न टोचता, देठाला धरून बुडवावी आणि दोन-तीन तासांत संपवावी. घरच्यांसाठी, समोर बसून, हा उत्तम पदार्थ आहे. पण भेळ जशी कालवली त्याच क्षणी खायची असते तशी ही वस्तू आहे. ती डब्यात भरून पाठवायची, साठवायची किंवा विकायची वस्तू नाही. माझा विरोध ताज्या फळाला नाही, ते टिकेल या आश्वासनाला आहे. शिवाय चवीचा आक्षेप घेणारे वाळलेल्या फळाच्या चवीला उतरती समजतात, ते बरोबर नाही. पाणी गेले की फळाचा आंबटपणा, सुगंध आणि गोडी एकवटते. कडवट चॉकलेटसमोर ताजे केळे मिळमिळीत लागते आणि सुकेळी ठाम उभी राहते.

दुसरा आक्षेप आरोग्याचा. वाळलेल्या आणि पाकवलेल्या फळात साखर दाट होते, त्यावर आणखी चॉकलेट. मुलांना हे कशाला द्यायचे, त्यापेक्षा ताजे फळ बरे. ताजे फळ बरेच, यात वाद नाही. चॉकलेटमध्ये बुडवल्याने कोणतेही फळ अधिक पौष्टिक होत नाही, आणि फळाच्या नावाखाली मिठाई खपवण्याचा प्रघात मला मुळीच मान्य नाही. पण प्रश्न फळ की चॉकलेट असा नसून कोणती मिठाई असा आहे. सणासुदीला, वाढदिवसाला घरात गोड येणारच. तिथे उन्हात वाळवलेल्या, वरून साखर न घातलेल्या केळ्याच्या किंवा आंब्याच्या लहान तुकड्यावर अर्ध्यापर्यंत चढवलेले ६०-७० टक्के कोकोचे चॉकलेट हा संयत पर्याय आहे. तुकडा चिवट असल्याने तो चघळावा लागतो आणि दोन तुकड्यांत मन भरते. पाकातला आवळा किंवा साल वापरली तर ती जास्त गोड असते हे उघड सांगावे आणि मधुमेही पाहुण्यापुढे ती ताटली ठेवू नये.

तिसरा आक्षेप पोटापाण्याचा असल्याने सर्वांत वजनदार आहे. कर्जत लोकलने रोज ये-जा करणारी किंवा घर सांभाळून चार पैसे मिळवू पाहणारी बाई थर्मामीटर घेऊन कधी बसणार? खरे चॉकलेट कंपाउंडहून कितीतरी महाग. डिसेंबर २०२४मध्ये जागतिक बाजारात कोकोचा भाव टनाला १२,००० डॉलरच्या वर गेला, तेव्हा तर ते हाताबाहेरच होते. अशा स्थितीत शुद्धतेचे धडे देणे म्हणजे तिचा धंदा बंद पाडणे, असे म्हटले जाते. मला याच्या नेमके उलट दिसते. ताज्या फळाचा धंदा तिला त्याच दिवशी माल खपवायला बांधून टाकतो. वीज गेली, ऑर्डर रद्द झाली, फळ मऊ निघाले की सगळा तोटा तिचा. वाळलेल्या फळाचा माल आठवडे टिकतो. एका रविवारी सकाळी केलेले तुकडे पुढचे अनेक दिवस विकता येतात, आणि जांभळाची पोळी तर सहा महिने आधीच तयार असते. चॉकलेट महाग आहे म्हणूनच ते वाया जाणाऱ्या फळावर लावणे परवडत नाही. अर्धा बुडवलेला, चवीने दाट तुकडा चॉकलेट कमी खातो आणि वजनाला भाव जास्त मिळवतो. उन्हाळ्यात मागणी आली तर तिने तेच वाळलेले फळ कंपाउंडमध्ये बुडवावे आणि डब्यावर कंपाउंड असे स्पष्ट लिहावे. त्यात कमीपणा नाही. घरून खाद्यपदार्थ विकणाऱ्याला अन्नसुरक्षा नोंदणी सक्तीची आहे. ती करून डब्यावर घटक, बनवल्याची तारीख आणि केव्हापर्यंत खावे हे लिहिता येणे ही तिची ताकद आहे, आणि टिकणाऱ्या मालावरच ही तारीख छातीठोकपणे लिहिता येते.

चौथा आक्षेप मोठ्या कारखान्यांचा दाखला देतो. ठाण्यात कॅडबरीचा कारखाना कित्येक दशके चॉकलेट बनवत आला, तेव्हा हे काम वातानुकूलित कारखान्यांवरच सोडावे, असा तो युक्तिवाद. पण कारखान्यातून बाहेर पडलेल्या मालालाही हवा आणि साठवण चुकत नाही. ऑक्टोबर २००३मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने याच कंपनीच्या काही वड्यांत अळ्या आढळल्याचे जाहीर केले. दोष दुकानांतल्या साठवणीचा की वेष्टनाचा यावर वाद झाला आणि २००४मध्ये कंपनीने अधिक घट्ट बंद होणारे वेष्टन आणले. यातून घरच्या कारागिराने घ्यायचा धडा माघार घेण्याचा नाही, डबा हवाबंद ठेवण्याचा आहे. कारखाना जे यंत्राने साधतो ते छोट्या प्रमाणावर घर लक्ष देऊन साधू शकते. मात्र लक्ष योग्य ठिकाणी हवे.

म्हणून अंबरनाथ-बदलापूरच्या सभागृहांत आणि उल्हासनगरच्या दुकानांच्या माळ्यांवर जे वर्ग चालतात, त्यांच्याकडे माझी मागणी आहे. पहिल्या तासात साचे आणि रंगीत वेष्टने दाखवण्याआधी वितळलेल्या चॉकलेटच्या वाटीत पाण्याचे चार थेंब टाकून दाखवा. दवबिंदू समजावून सांगा. थर्मामीटर हातात द्या. कंपाउंड आणि चॉकलेट यांची वेष्टने शेजारी ठेवून घटक वाचायला लावा. ताजे फळ दोन-तीन तासांचे आणि वाळलेले फळ दोन-तीन आठवड्यांचे, हा फरक फळ्यावर लिहा. मे महिन्यात वाळवणाचा वर्ग घ्या आणि डिसेंबरमध्ये चॉकलेटचा. मध्ये विद्यार्थिनींना डबे सांभाळू द्या. उकाडा आहे म्हणून होत नाही, हे वाक्य वर्गातून काढून टाका, कारण त्याने इथल्या बायकांना आपल्या गावाची हवा म्हणजे उणीव वाटायला लागते. ज्या उन्हाने फळ वाळते आणि ज्या गारठ्यात चॉकलेट जमते ती दोन्ही इथे आहेत, फळ आहे, वाळवायचे कसब आहे. चुकीचे निदान तेवढे सोडायचे आहे.